शेवटच्या खोलीतली ऊब

ह्या सदराखाली "भास झाला असेल, पाणी पिऊन झोपा" अशी कमेंट टाकणाऱ्यांपैकी मी एक. खोटं कशाला बोलू... इथले अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. कुणाला वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी विचारते, चष्म्याचा नंबर कधी तपासलात? शिक्षणानं मी मेकॅनिकल इंजिनीअर. माझ्या लेखी एखादी वस्तू गरम झाली तर ती कशानं तरी गरम होते, आणि ते 'कशानं' शोधून काढता येतं. नाही सापडलं तर आपण नीट शोधलेलं नसतं, बस्स. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे ह्याची गंमत मला तुमच्याआधी वाटते आहे. हसा, माझी ना नाही. फक्त शेवटपर्यंत वाचून हसा.

आम्ही कॅनबेराला राहतो. मी, माझा नवरा मंदार आणि आमची इरा, चौथीतली. आधी गुंगालिनला भाड्याच्या टाउनहाउसमध्ये होतो. नवंकोरं घर, दारातून बाहेर पडलं की ट्राम. मग मला जुन्या घराचं खूळ लागलं आणि आम्ही वोडनच्या बाजूला एक विटांचं घर घेतलं. मंदारची ट्राम सुटली, नशिबी बस आली, आणि ते तो मला अजून ऐकवतो.

घर असेल पन्नासेक वर्षांचं. उतारावर बांधलेलं, लाकडी जमीन, खाली माणूस रांगत जाईल इतकी पोकळी. आणि त्यात जुनं सेंट्रल हीटिंग. म्हणजे लॉण्ड्रीत गॅसचा बॉयलर, तो पाणी तापवणार. पंप ते पाणी जमिनीखालच्या तांब्याच्या पाइपांतून खोल्याखोल्यांत फिरवणार. प्रत्येक खोलीत खिडकीखाली एक लोखंडी रेडिएटर, त्यातून गरम पाणी फिरलं की खोली तापणार, आणि गार झालेलं पाणी परत बॉयलरकडे. घर बघायला आलो तेव्हा मंदार बाग बघत होता, मी लॉण्ड्रीत त्या बॉयलरच्या प्रेमात पडत होते.

ऑस्ट्रेलिया म्हटलं की आपल्याकडे लोकांना समुद्र आणि कांगारू आठवतात. कॅनबेराच्या जुलैत सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागतो, हे नाशिकला सांगून कुणाला पटत नाही. आईलाही पटलं नव्हतं.

आई म्हणजे माझी आई. बाबा गेले त्या वर्षी मी तिला इकडे घेऊन आले. मी एकुलती एक. नाशिकच्या फ्लॅटमध्ये ती एकटी, दोन माणसांचा चहा टाकून एक कप ओतून देणारी... मला ते फोनवरसुद्धा बघवत नव्हतं. ती आली खरी, पण मनानं सूटकेस बांधलेलीच. "लेकीच्या घरी माणसानं किती दिवस राहायचं गं?" हे तिचं पालुपद. मंदारला ती 'मंदारराव' म्हणते, अहो-जाहो करते, त्याच्यासमोर पाय पसरून बसत नाही. तो बिचारा म्हणतो, "आई, मला नुसतं मंदार म्हणा हो." ती म्हणते, "बरं मंदारराव."

तिनं इथेच राहावं, हेच एक माझ्या मनात होतं. व्हिसाचं पुढचं बघता आलं असतं, ती 'हो' म्हणाली असती तर. ती 'बघू' म्हणायची. आणि मराठी आईच्या 'बघू'चा अर्थ मला चांगला माहीत आहे.

त्यात माझ्या हातून एक घोटाळा झाला होता. घरातली सगळ्यात उबदार खोली आईला द्यायची म्हणून मी हौसेनं दक्षिणेची खोली दिली. थंडीत दक्षिणेकडून ऊन येतं हे आपल्या हाडात मुरलेलं असतं ना! इथे सगळं उलटं. ह्या गोलार्धात सूर्य उत्तरेकडे कलतो, दक्षिणेच्या खिडकीला अख्खा हिवाळा उन्हाचं दर्शन नाही. इतकी वर्षं ह्या देशात राहून, इंजिनीअर असून, आईची खोली ठरवताना माझं डोकं नाशिकलाच होतं. खोली बदलू म्हटलं तर आई ऐकेना. "लावलंय ना सामान एकदा. चांगली आहे की."

तर अशी ती दक्षिणेची खोली, आणि बॉयलरपासून सगळ्यात लांबची. पुढच्या हॉलमध्ये रेडिएटर इतका तापायचा की मंदार टी-शर्टवर बसायचा. इराच्या खोलीत बरं. आणि आईच्या खोलीतला रेडिएटर — हात लावला तर फ्रीजमधून काढलेल्या पातेल्यासारखा.

"आई, तुझी खोली गार आहे ना?"

"छे गं. छान उबदार आहे."

आता तुम्हीच सांगा, हे कोण खरं मानेल? ताप चढलेला असताना 'मला काही नाही झालं' म्हणणाऱ्या, सगळ्यांची जेवणं झाल्यावर 'मला भूकच नव्हती' म्हणणाऱ्या बायका ह्या. मी तिच्या बोलण्यावर फुली मारली आणि पाना हातात घेतला.

आधी हवा काढली. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक चावी फिरवायची असते. आत हवा अडकली असेल तर फुसकन बाहेर येते आणि मग पाणी. बाकीच्यांतून हवा आली. आईच्या रेडिएटरमधून आलं ते सरळ काळं पाणी, म्हणजे हवेचा प्रश्न नव्हता. मग बॅलन्सिंग. पाणी आळशी असतं, जवळचा सोपा रस्ता धरतं. बॉयलरजवळचे रेडिएटर सगळं गरम पाणी गट्ट करतात आणि लांबच्यापर्यंत काही पोचत नाही. म्हणून जवळच्यांचे व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळायचे, लांबच्यांचे मोकळे सोडायचे, आणि वाट बघायची. पुन्हा थोडं आवळायचं, पुन्हा वाट बघायची. पेशन्सचं काम, आणि पेशन्स मला देवानं दिलेला नाही.

मी जमिनीवर बसून हे करत असताना आई मागे खुर्चीवर शेंगा सोलत होती. म्हणाली, "हे तर तुझ्या बाबांचं काम गं."

बाबा पाटबंधारे खात्यात होते. कालव्यावर. कालव्याच्या तोंडाशी ज्यांची शेतं ते भरपूर पाणी घेणार आणि शेपटाकडच्यांना चिखलसुद्धा मिळणार नाही, हे भांडण त्यांनी आयुष्यभर सोडवलं. तोंडाला 'हेड' म्हणायचे, शेपटाला 'टेल'. त्यांचा नियम एकच — आधी टेल. टेलला पाणी पोचल्याची खात्री झाली की मगच हेडचं दार उघडायचं. त्यापायी शिव्याही खाल्ल्या त्यांनी. मी हातातल्या पान्याकडे बघितलं. पुढे सगळं मी त्यांच्याच पद्धतीनं केलं. हेडचे सगळे व्हॉल्व्ह बंद केले आणि आधी आईच्या खोलीकडे पाणी सोडलं.

खोलीत येणारा पाइप तापला. रेडिएटर तरीही गारच. म्हणजे पाणी दारापर्यंत येत होतं, आत शिरत नव्हतं. आत गाळ साचलेला असणार. तो काढायचा तर अख्खा रेडिएटर भिंतीवरून उतरवून अंगणात न्यायला हवा, आणि त्याला शनिवार-रविवार हवा, मंदार हवा, आणि मंदारचा मूड हवा.

ह्याच दिवसांतली गोष्ट. शाळेतून आल्यावर इरा आजीच्या पलंगावर लोळत पुस्तक वाचायला लागली. मी म्हटलं, "अगं, तिथे गारठशील. हॉलमध्ये बस."

"नो मम्, इट्स टोस्टी हिअर. देअर्ज अ वॉर्म स्पॉट."

"आजी आत्ताच तिथून उठली असेल."

"आजी इज इन द गार्डन. शीज बीन देअर फॉर एजेस."

मी म्हटलं, असेल काहीतरी. मुलं काय, काहीही बोलतात.

मग एका बुधवारी मी घरून काम करत होते. माझं टेबल आईच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीपाशी आहे. दुपारची जेवणं झाली होती, आई स्वयंपाकघर आवरून वामकुक्षीला गेली होती. मी मीटिंगमध्ये, कान अर्धे तिकडे. भिंतीपलीकडून आईचा आवाज आला, अगदी स्वच्छ:

"सरका. सरका बघू तिकडे."

मी म्हटलं, मंदार लवकर आला वाटतं! घरात आई अहो-जाहो करते ते एकट्या मंदारला. मला 'तू', इराला 'तू', फोनवर आलेल्या माझ्या सासूबाईंना अहो-जाहो, पण त्या पुण्यात. म्हणजे मंदारच. रेडिएटरपुढे फतकल मारून बसला असणार आणि आईला पलंगाकडे जायला वाट नसणार. मी मीटिंग म्यूट करून ओरडले, "मंदार, त्या व्हॉल्व्हला हात लावू नकोस हं! आत्ता कुठे सेट केलाय!"

मीटिंग संपल्यावर बघितलं तर आई गाढ झोपलेली. मंदार कुठेच नाही. त्याला मेसेज टाकला, 'कुठे गेलास लगेच?' त्याचं उत्तर आलं, 'ऑफिसात आहे. सकाळपासून. का गं?'

मी फोन हातात धरून तिथेच उभी राहिले. घाबरले वगैरे नाही. पण आपल्या भाषेनं माझी चांगलीच कोंडी केली होती. इंग्लिशमध्ये 'मूव्ह ओव्हर' कुणालाही म्हणता येतं. 'सरका' कुणालाही म्हणता येत नाही.

चहाच्या वेळी मी विषय काढला. "आई, दुपारी कुणाशी बोलत होतीस?"

आई आधी लाजली. खरंच सांगते, सत्तरीची बाई नव्या नवरीसारखी लाजली. मग म्हणाली, "ऐकू गेलं होय तुला?"

"कोण होतं?"

"कोण असणार? हे होते."

आणि मग तिनं सांगितलं. माझ्या जन्माआधीपासूनची गोष्ट, आणि मला त्यातलं अक्षरही माहीत नव्हतं. धरणाजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे तेव्हा तिथे थंडी फार. बाबा दुपारी जेवायला घरी यायचे आणि घटकाभर आडवे व्हायचे. आई मागचं आवरून, भांडी घासून, गारठलेल्या हातांनी मग यायची. तर बाबा काय करायचे, स्वतःच्या जागेवर झोपायचेच नाहीत. आईच्या जागेवर झोपायचे. ती आली की 'सरका' म्हणायची, आणि ते आपल्या गार बाजूला सरकायचे. आईला आयती उबवलेली जागा.

"मी म्हणायची, कोंबडीसारखे काय अंडी उबवताय? तर म्हणायचे, घरात तू सगळ्यात शेवटी आडवी होतेस. टेल आहेस तू. टेलला आधी पोचलं पाहिजे." आई हसली आणि पदरानं नाक पुसलं. "नाशिकला आल्यावरही सोडलं नाही त्यांनी. शेवटपर्यंत."

"आणि आता?"

"आता काय... इथे आले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आडवी व्हायला गेले, तर माझी बाजू उबवलेली. मी म्हटलं ना तुला, खोली उबदार आहे म्हणून. तुला खोटं वाटलं."

मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. मला वाटलं, आई हातची चालली. दुःखानं माणसाला असं होतं, वाचलेलं असतं आपण. पलंगावर हात ठेवून बघावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही असेल हेच मला मान्य नव्हतं. मी ठरवलं, ती खोली नीट तापली पाहिजे. खोली तापली की आईला बरं वाटेल, बरं वाटलं की हे खेळ थांबतील, आणि ती इथे रमेल. माझ्या डोक्यात हे गणित अगदी चोख होतं.

त्या शनिवारी मंदारला मी नाश्त्याला थालीपीठ दिलं आणि कामाला जुंपलं. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून रेडिएटर उतरवला, अंगणात नेला आणि बागेच्या नळीचं पाणी जोरात आत सोडलं. काय गाळ निघाला म्हणता! शाईसारखा काळा, दाट. लॉनवर डांबर ओतल्यासारखं दिसत होतं. मंदार म्हणाला, "मी आयटीवाला माणूस आहे, हे काम माझ्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नाही." आई व्हरांड्यातून बघत होती. "अहो मंदारराव, कंबर सांभाळा," एवढंच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तो पुन्हा भिंतीवर चढला, पाणी भरलं, हवा काढली, आणि तापला! वरपासून खालपर्यंत एकसारखा. रविवारी मी सगळ्या घराचं बॅलन्सिंग पुन्हा केलं. हॉल, इराची खोली, आमची खोली, आईची खोली — सगळीकडे सारखं. इतक्या जुन्या सिस्टिममधून इतकं एकसारखं काम काढणं सोपं नसतं, आणि मी मंदारला पाठ थोपटायला लावली.

"आई, आता कशी आहे खोली?"

"छान झाली हो," आई म्हणाली. "खूप केलंस तू."

आणि ती मिटत गेली. दुपारी आडवी व्हायची बंद झाली. जेवण झाल्यावर खोलीत जायची, लगेच बाहेर यायची आणि हॉलमध्ये खुर्चीत शाल गुंडाळून बसून राहायची. खोलीत छान वीस अंश, आणि ही बाहेर शाल घेऊन. इराशी बोलणं कमी झालं, शेंगा सोलणं थांबलं. मी विचारलं की, 'काही नाही गं, वय झालं.' आणि मग एका दुपारी, अगदी सहज, वाटी पुसता पुसता म्हणाली, "केतकी, माझ्या तिकिटाचं बघशील का?"

मी उखडले. माझा तो स्वभावच आहे, घाबरले की आवाज चढतो. "का? आता काय कमी आहे? थंडी होती, ती पण घालवली मी!"

"हो ना. घालवलीस." तिनं वाटी फडताळात ठेवली. "म्हणून तर. खोली गरम झाल्यावर त्यांना यायचं कारणच उरलं नाही बघ. नाशिकला डिसेंबरात तरी थंडी पडेल."

माझी आई, मला आणि नातीला सोडून, नाशिकच्या रिकाम्या फ्लॅटमधल्या गार पलंगाकडे निघाली होती. का, तर तो गार आहे म्हणून.

मंदारला सांगितलं. तो माझ्यापेक्षा शांत माणूस. म्हणाला, "व्हॉल्व्ह बंद कर ना."

"वेडा आहेस का? तिला न्यूमोनिया होईल."

"जाड रजई देऊ. पण बंद कर."

आणि मी तो बंद केला. स्वतः उतरवलेला, धुतलेला, चढवलेला, उत्तम चाललेला रेडिएटर मी, मेकॅनिकल इंजिनीअरनं, हातानं बंद केला. भुतावर विश्वास बसला म्हणून नाही. आईला थांबवायला माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं म्हणून. ते करताना मला स्वतःचा इतका राग येत होता की पाना हातातून दोनदा सटकला.

खोली पुन्हा गारठली. आणि काहीच झालं नाही. आई रोज जेवणानंतर आत जायची, रजईखाली हात घालून बघायची — मी दाराच्या फटीतून बघायचे — आणि परत यायची. माझ्याकडे बघून हसायची, जणू माझंच काहीतरी हरवलं होतं आणि ती मला धीर देत होती. एका सकाळी मंदारनं फ्लाइट शोधून ठेवली. संध्याकाळी ऑफिसातून आला की बुक करायचं ठरलं.

त्या दिवशी दुपारी जेवणं झाली. आईनं नेहमीप्रमाणे मला सिंकपासून हाकललं. आत भांड्यांचा आवाज येत होता. मी टेबलाशी जाऊन बसले, लॅपटॉप उघडला, मिटला, आणि उठून आईच्या खोलीत गेले. विचार असा काही केलाच नाही. रजई उचलली आणि आईच्या बाजूला, दाराकडच्या, आडवी झाले.

बाप रे... काय गार होती ती चादर! ओल्या फरशीवर झोपल्यासारखं वाटलं. दात वाजायला लागले. पण मी हलले नाही. पाय पोटाशी घेऊन, सगळं अंग तिच्या जागेवर टाकून पडून राहिले. मनात एकच, की आता बाबा येत नाहीत ना, मग मी आहे. जमेल तेवढं मी उबवीन. ही बाई आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी झोपली, तिला गार जागेवर मी झोपू देणार नाही. आणि मला रडू फुटलं. बाबा गेले तेव्हा विमान, सामान, सर्टिफिकेटं ह्या धावपळीत मी धड रडलेच नव्हते. ते सगळं त्या उशीत रडून घेतलं.

भांड्यांचा आवाज थांबला. आई हात पुसत दारात आली आणि मला बघून तिथेच थबकली.

"हे काय गं?"

"उबवतेय," मी नाक ओढत म्हटलं. "अंडी."

आई हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तोंडभरून हसली, डोळे भरलेले असताना हसली. मग जवळ येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सरक."

मी खिडकीच्या बाजूला सरकले. तिकडे अजूनच गार असणार म्हणून अंग चोरून, श्वास रोखून सरकले.

तिकडची चादर गरम होती.

'जरा बरी' वगैरे नाही. गरम. खांद्यापासून पायापर्यंत, एका माणसाच्या लांबीची ऊब. उशीसुद्धा. मी तळहात फिरवून बघितला. कडेला, भिंतीपाशी चादर बर्फ, आणि मध्ये ऊब. मी तिकडे गेलेच नव्हते. इतका वेळ दुसऱ्या कडेला कुडकुडत पडले होते.

आई माझ्या जागेवर आडवी होत होती. "तिकडे गारठशील गं. ती शाल घे."

"नाही आई." मी तळहात चादरीवरच दाबून धरला. "इकडे गरम आहे."

आईनं माझ्या अंगावरून हात लांब करून पलीकडची चादर चाचपली. हात तिथेच राहू दिला.

"तुला जागा करून दिली असेल त्यांनी," ती म्हणाली. थोड्या वेळानं, डोळे मिटून, डाव्या कुशीवर वळता वळता म्हणाली, "तिकिटाचं राहू दे मग."

आणि झोपली. मी तशीच पडून राहिले. तिचा श्वास ऐकत, हलले तर काहीतरी सांडेल अशा भीतीनं.

आता तुमचे प्रश्न. ते सगळे मी स्वतःला विचारून झालेत. पलंगाखालून पाइप जातो का? दुसऱ्या दिवशी मी घराखालच्या पोकळीत टॉर्च घेऊन रांगत गेले. पाइप रेडिएटरच्या भिंतीपाशी येऊन थांबतो, पलंगाखाली काहीच नाही. इलेक्ट्रिक ब्लँकेट? घरात नाही. ऊन? त्या खिडकीला येतच नाही, ते वर सांगितलंच आहे. मंदार म्हणाला, तू गारठली होतीस म्हणून कमी गार जागाही गरम लागली असेल. हे मला पटण्यासारखं होतं, पटवून घ्यायचीही फार इच्छा होती. पण मग तीच ऊब, नुकतेच कोमट पाण्यात भांडी घासलेल्या आईच्या हातालाही कशी लागली?

उत्तर मला सापडलेलं नाही. आई राहिली. तिच्या व्हिसाचं पुढचं काम सुरू आहे, आणि परवा तर तिनं मंदारला चुकून 'अरे' म्हटलं. त्या एका खोलीतला व्हॉल्व्ह मी अजून उघडलेला नाही. मध्यंतरी एकदा न राहवून पाइपाला लावायचं थर्मामीटर घेऊन दुपारी तिच्या दारापर्यंत गेले होते. म्हटलं, एकदा आकडा तर बघू. दार लोटलेलं होतं, आणि आई आत हळू आवाजात काहीतरी सांगत होती... भाजीत मीठ जास्त झाल्याचं, बहुतेक. मी थर्मामीटर खिशात टाकलं आणि पावलांचा आवाज न करता परत फिरले.